विश्लेषण : फणसवाडी ते कोकण... लांबच्या कौटुंबिक प्रवासाला आलिशान सेडान खरेच सोयीची?

गणपती, शिमगा किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की गिरगाव, लालबाग, परळमधल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते : यंदा गावी जायचे कसे? रेल्वेचे आरक्षण काही मिनिटांत संपते. मग मोटारीचा विषय निघतो आणि घरातला मोटारींचा हौशी सदस्य हमखास सेडानची बाजू घेतो. बाजारात मात्र ‘एसयूव्ही’ची चलती आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के वाहने एसयूव्ही-एमयूव्ही या ‘युटिलिटी’ गटातील होती. मग आजी-आजोबा, मुले आणि सामानासह सात-आठ तासांच्या प्रवासासाठी सेडान, त्यातही आलिशान सेडान, घेण्यात अर्थ आहे का?

सेडानचे आकर्षण कशामुळे?

मुंबईकरांच्या एका पिढीसाठी ‘गाडी’ म्हणजे सेडानच होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, हेच मध्यमवर्गीयांचे स्वप्न होते. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पुण्यात ई-क्लासची जुळणी सुरू केली. २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथून स्कोडाची ऑक्टाव्हिया बाजारात आली. त्यामुळे आलिशान सेडानचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे.

हौशी मंडळींच्या प्रेमाला तांत्रिक आधारही आहे. सेडानची उंची कमी, त्यामुळे गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असतो. वळणावर गाडी कमी कलते आणि मागे बसलेल्यांना हेलकावे कमी बसतात. घाटात मुलांना मळमळण्याचे एक मोठे कारण हे हेलकावेच असतात. डिकी प्रवासी कक्षापासून वेगळी असल्याने मागच्या चाकांचा आणि सामानाचा आवाजही आत कमी येतो.

‘लाँग व्हीलबेस’ म्हणजे नेमके काय?

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधील अंतर म्हणजे व्हीलबेस. ते वाढले की मागच्या आसनासमोर पाय पसरायला जागा मिळते आणि महामार्गावर गाडी अधिक स्थिर वाटते. २०२४ मध्ये भारतात आलेल्या ई-क्लासचा व्हीलबेस ३,०९४ मिमी, तर बीएमडब्ल्यू ५ सीरिजचा ३,१०५ मिमी आहे. या ई-क्लासची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ७८.५ लाख रुपये होती.

मात्र या दोन्ही गाड्यांत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. त्यासाठीचा दांडा गाडीच्या मधून जातो. परिणामी मागच्या मधल्या आसनापुढे उंच बोगदा तयार होतो. आई-वडील, आजी-आजोबा आणि एक मूल असे पाच जण निघाले, तर पाचव्याची अडचण ठरलेली. चौघांसाठी उत्तम, पाचांसाठी तडजोड असे हे गणित आहे. शिवाय खाली बसकण असलेल्या आसनातून उठताना गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना त्रास होतो. तिथे एसयूव्ही सरस ठरते.

गतिरोधकावर गाडी खाली का घासते?

सेडानवरचा सर्वांत मोठा आक्षेप ‘ग्राऊंड क्लिअरन्स’चा, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतील अंतराचा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. या आकाराच्या गतिरोधकावर सुमारे ३.१ मीटर व्हीलबेसची गाडी बरोबर मध्यावर आली, तर तिची चारही चाके उतारावरच असतात. अशा वेळी चाकांच्या पातळीपेक्षा गतिरोधकाचा माथा केवळ सातेक सेंमी वर येतो. म्हणजे पाच माणसे आणि सामान यामुळे गाडी काही सेंमी दबली, तरी ती सुखरूप पार व्हायला हवी.

अडचण होते ती मानक न पाळणाऱ्या गतिरोधकांवर. हातभर रुंदीचा आणि १५ सेंमी उंचीचा उंचवटा असेल, तर चाके दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर राहतात आणि पूर्ण १५ सेंमीचा माथा थेट तळाला भिडतो. व्हीलबेस जितका लांब, तितका हा धोका जास्त. थोडक्यात, दोष बऱ्याचदा गाडीपेक्षा रस्त्याचा असतो. दुरुस्तीचे बिल मात्र गाडीमालकाच्या माथी येते.

फणसवाडीतून निघाल्यावर रस्ता कसा आहे?

पहिली कसोटी घरापाशीच लागते. पाच मीटरहून लांब गाडी फणसवाडीसारख्या जुन्या, दाट वस्तीच्या गल्लीत वळवणे आणि उभी करणे सोपे नाही. तुलनेसाठी, वॅगन-आरची लांबी ३.६५५ मीटर, म्हणजे ई-क्लासपेक्षा जवळपास दीड मीटरने कमी आहे.

त्यापुढचा टप्पा सुखाचा आहे. ईस्टर्न फ्रीवेवरून शिवडीला पोहोचले की १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किमीचा अटल सेतू थेट चिर्ले येथे नेऊन सोडतो. तिथून पुढे राष्ट्रीय महामार्ग ६६. या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि मुदतीमागून मुदती उलटल्या. कशेडी घाटाला सुमारे दोन किमीच्या बोगद्यांचा पर्याय मिळाला, पण अर्धवट पूल, वळणरस्ते आणि पावसाळी खड्डे यांनी प्रवाशांची वर्षानुवर्षे परीक्षा पाहिली आहे. आलिशान सेडानच्या टायरची बाजू बुटकी असल्याने खड्ड्याची धार थेट रिमला लागू शकते. काही गाड्यांत स्टेपनीच नसते. त्याऐवजी ‘रन-फ्लॅट’ टायर असतात. हवा गेल्यावर ते साधारणपणे ताशी ८० किमी वेगाने ८० किमीपर्यंत साथ देतात. त्या अंतरात योग्य मापाचा टायर मिळेलच, याची खात्री कोकणातल्या आडवाटेवर देता येत नाही.

याउलट ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग हे सेडानचे खरे मैदान. इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. मोटारींसाठी इथे ताशी १२० किमीची मर्यादा आहे. पण ताशी १०० ऐवजी १२० किमी वेग ठेवला की गाडीची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतरही साधारण त्याच प्रमाणात वाढते.

महागडी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी का?

नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते आलिशान मोटारीत मागच्या आसनावर होते आणि त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या प्रवाशांसाठीही सीटबेल्टची सक्ती लागू केली. बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे.

आलिशान सेडानमध्ये आणखी एक बारकावा असतो. मागचे आसन झोपण्याइतके कलते करता येते. पण शरीर आडवे झाले की बेल्ट खांदा आणि कमरेवरून सरकतो. धडक बसल्यास माणूस त्याखालून घसरू शकतो. त्यामुळे झोपलेल्या आजोबांचे आसन शक्यतो सरळ ठेवणे आणि लहान मुलाला मांडीवर न घेता चाइल्ड सीटमध्ये बसवणे महत्त्वाचे.

करात फायदा आहे का?

पूर्वी थोडा होता. मोठ्या इंजिनाच्या सेडानवर उपकरासह ४८ टक्के, तर एसयूव्हीवर ५० टक्के कर लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे निवड आता करावर नव्हे, गरजेवर करावी लागते.

मग कोणी काय निवडावे?

चौघांचे कुटुंब, प्रवास मुख्यत: पुणे, नाशिक, नागपूरच्या दिशेने आणि पार्किंगची हक्काची जागा असेल, तर सेडानइतका आरामदायी पर्याय नाही. दरवर्षी पावसात गावच्या कच्च्या वाटेपर्यंत पाच-सहा जणांना जायचे असेल, तर उंच गाडीच बरी. वर्षातून एक-दोनदाच लांबचा प्रवास असेल, तर तेवढ्यापुरती भाड्याची गाडी घेणे अधिक शहाणपणाचे. गाडी कोणतीही असो, निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी. चालकाच्या दाराजवळ किंवा इंधन टाकीच्या झाकणाच्या आत हवेचे दोन आकडे दिलेले असतील, तर सामानासह भरलेल्या गाडीसाठीचा आकडा पाळावा.