सीताफळाचा डोळा आणि शेतकऱ्याची पाटी

परतीचा पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन चटके देऊ लागले, की पुण्या-मुंबईतील शेतकरी बाजारांचे रूप पालटते. सीताफळे, रताळी, सुरण, लाल भोपळे आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगांच्या राशी दिसू लागतात. २०१६मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांचे अभियान सुरू झाले. तेव्हापासून हे बाजार शहरवासीयांच्या अंगवळणी पडले आहेत. मात्र फलक ‘शेतकरी बाजारा’चा असला, तरी प्रत्येक पाटीमागे शेतकरीच बसलेला असतो असे नव्हे. पहाटे घाऊक बाजारातून उचललेला मालही तेथे येतो. हा व्यवसाय गैर नाही. पण मग मधली साखळी तोडल्याचा लाभ ना पिकवणाऱ्याला होतो, ना आपल्याला.

मग शेतकरी ओळखावा कसा? सफरचंद, किवी आणि सीताफळ एकाच विक्रेत्याकडे शेजारी-शेजारी मांडलेले असतील, तर ते एका शेतातले नक्कीच नाहीत. खऱ्या शेतकऱ्याकडे बहुधा तीन-चारच जिन्नस असतात, तेही लहानमोठे मिसळलेले. लागवड कधीची, पाऊस किती लागला, असे सहज विचारावे. उत्तर तयार असते. बहुतेकदा तक्रारीच्या सुरात!

या बाजाराचा सर्वाधिक फायदा सीताफळात आहे. पिकलेले सीताफळ दूरचा प्रवास सोसत नाही, म्हणून लांब पाठवायचे फळ पुष्कळदा कच्चेच तोडले जाते आणि ते गोडीला कमी पडते. पुरंदरसारख्या जवळच्या भागातून येणारे फळ झाडावर पुरते तयार होऊ शकते. डोळे मोठे व उघडलेले, मधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या असतील, ते फळ घ्यावे. दोन-तीन दिवसांत ते पिकते. डोळे घट्ट मिटलेले फळ स्वस्त मिळाले तरी नको. कच्चे सीताफळ फ्रीजमध्ये ठेवण्याची घाई तर मुळीच करू नये. साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही.

सुरणाची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते. शिजवताना चिंच किंवा आमसूल घालण्याची आजीची रीत म्हणूनच योग्य. रताळ्यांवर बारीक छिद्रे दिसली, तर आत कीड समजावी. शेंग फोडून पाहावी: टरफलाची आतली बाजू पांढरी असेल तर दाणा कोवळा, तपकिरी झाली असेल तर भरलेला. ओल्या शेंगा पिशवीत कोंडू नयेत, बुरशी धरते.

भावाबाबत थोडे भान हवे. जाता जाता बरसलेल्या पावसाने पालेभाजी झोडपली, की मेथी-कोथिंबिरीची जुडी महागते. ज्याची निम्मी भाजी शेतातच सडली, त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणे शोभत नाही. वजनकाटा मात्र जरूर तपासावा. तिथे भीड नको.

कांद्याचे गणित वेगळेच. या दिवसांत चाळीतला उन्हाळी कांदा सरत आलेला असतो आणि त्याला मोड फुटू लागतात. दिवाळीच्या मागेपुढे येणारा नवा लाल कांदा पाणीदार असतो, फार टिकत नाही. तो आठवड्यापुरताच घ्यावा. वर्षाची बेगमी करायची ती एप्रिल-मेमधल्या कांद्याची.