ग्रामसभेला माणसं येत नाहीत, ती का?

‘लोकांनाच पडलेली नाही.’ लोकशाहीत लोकांचा सहभाग कमी का, असं विचारलं की आपल्याकडे हे उत्तर तयार असतं. गरीब माणूस पैसे घेऊन मत देतो, ग्रामसभेत नुसती रडगाणी चालतात, बाई सरपंच झाली तरी कारभार नवराच बघतो, ही त्याच उत्तराची भावंडं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या समजुतींची पडताळणी अभ्यासकांनी भारतातल्या गावांत जाऊन केली आहे. त्यांना जे दिसलं ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, आणि म्हणून आपण दोष भलत्याच माणसाला देत बसतो.

मतदानाचं आधी. शिकलेला, खाऊन-पिऊन सुखी माणूस जास्त मतदान करतो, असं पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत बहुतेक वेळा आढळतं. भारतात तसं नाही. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेची सर्वेक्षणं १९९० च्या दशकापासून सांगत आली आहेत की इथला गरीब आणि दलित मतदार मतदानात मागे नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के. यात एक भान ठेवावं लागतं: शहरांतल्या मतदार याद्यांत घर बदलून गेलेल्यांची नावं तशीच राहतात, त्यामुळे टक्का आहे त्याहून कमी दिसतो. तरी एवढा फरक नुसत्या याद्यांनी भरून निघत नाही.

आणि पैसे? पैसे वाटले जातात, ते कोणी नाकारत नाही. पण मुकुलिका बॅनर्जी यांच्या ‘व्हाय इंडिया व्होट्स?’ या २०१४ च्या पुस्तकासाठी वेगवेगळ्या राज्यांतल्या अभ्यासकांनी मतदारांशी सविस्तर बोलून पाहिलं, तेव्हा लोक सांगत होते ते हक्काबद्दल आणि कर्तव्याबद्दल. मालक आणि मजूर एकाच रांगेत उभे राहतात, दोघांच्याही बोटाला तीच शाई लागते, याचं त्यांना मोल होतं. हे ‘पाचशे रुपये घेतले’ यात मावत नाही.

आता ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे तिचे दिवस. झेंडावंदन झालं की माणसं पांगतात, आणि संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करत फिरतो. प्रोसिडिंगमध्ये मात्र ‘सर्वानुमते मंजूर’. हे अनेक गावांत घडतं आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण यावरून ‘लोकांना ग्रामसभा नकोच आहे’ असा निष्कर्ष काढणं चूक. टिम बेस्ली, रोहिणी पांडे आणि विजयेंद्र राव यांनी दक्षिणेतल्या चार राज्यांतल्या ५२२ गावांची पाहणी केली. तिथे ग्रामसभेला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त होती ती भूमिहीन, निरक्षर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांची. ज्याच्याकडे आमदाराला फोन करण्याची सोय आहे, त्याला सभेची गरज पडत नाही. ज्याला दुसरं दार नाही, तो येतो. आणि त्याचा उपयोगही होतो: ज्या गावांत ग्रामसभा झाली होती, तिथे दारिद्र्यरेषेखालचं कार्ड खऱ्या गरजूच्या घरी पोचण्याची शक्यता जास्त होती.

‘पण तिथे चर्चा कुठे होते, नुसत्या तक्रारी असतात.’ या आक्षेपाला परोमिता सन्याल आणि विजयेंद्र राव यांनी फार मनापासून उत्तर दिलं आहे. दक्षिणेतल्या सुमारे ३०० ग्रामसभांमधलं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि ते वाचून ‘ओरल डेमॉक्रसी’ हे पुस्तक २०१९ मध्ये लिहिलं. आमच्या वस्तीत पाणी येत नाही, माझं नाव यादीत का नाही, गटार कधी होणार, असंच ते बोलणं. पण जिला एरवी गावातल्या मोठ्या घराच्या ओट्यावर बसायची सोय नाही, ती बाई भर सभेत उभी राहून सरकारी माणसाला जाब विचारते आणि त्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं, हे या अभ्यासकांनी मोलाचं मानलं. मलाही तेच महत्त्वाचं वाटतं. तक्रार करणारा माणूस याचक नसतो; हिशेब मागण्याचा आपला हक्क त्याने मान्य करून घेतलेला असतो. शिवाय, भाषा आणि चालीरीती सारख्या असूनही राज्याची सीमा ओलांडली की सभेचा दर्जा बदलतो, हेही त्यांना दिसलं. म्हणजे फरक राज्य सरकारने सभेची व्यवस्था कशी लावली आहे, यातून पडतो.

सरपंचपतींचा मुद्दा खोटा नाही. निवडून आलेली बाई घरी आणि खुर्चीत नवरा, हे आपण पाहतो. पण राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी ‘खुर्चीत कोण बसतं’ यावर न थांबता पैसा कुठे खर्च झाला ते तपासलं. कोणतं सरपंचपद राखीव होणार, हे योगायोगाने ठरत असल्यामुळे राखीव आणि खुल्या पंचायतींची तुलना सरळ करता येत होती. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर मिळून २६५ पंचायती त्यांनी पाहिल्या. बीरभूममध्ये बायकांच्या तक्रारी पाण्याच्या आणि रस्त्याच्या होत्या. राखीव पंचायतींत ही दोन्ही कामं जास्त झाली. उदयपूरकडे बायकांना पाणी हवं होतं, रस्त्याची मागणी पुरुषांची होती; तिथे राखीव पंचायतींत पाण्यावर जास्त खर्च झाला आणि रस्त्यांवर कमी. नुसता नवराच कारभार करत असता, तर हा फरक पडलाच नसता.

पुढे बीरभूममध्येच आणखी एक अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. जिथे लागोपाठ दोन वेळा पद स्त्रियांसाठी राखीव होतं, तिथे आईबापांच्या मुलाकडून आणि मुलीकडून असलेल्या अपेक्षांतलं अंतर कमी झालं होतं आणि शिक्षणातली मुलामुलींमधली तफावत मिटली होती.

‘आरक्षण काढलं की बायका पुन्हा घरी’ हा समज तर मुंबईतच खोटा ठरला आहे. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचे निकाल ताडून पाहिले. १९९७ मध्ये जे वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. एकदा निवडून आलेली बाई अनुभवाने पुन्हा उभी राहते, आणि बाईला तिकीट दिलं तरी जागा येते, हे पक्षांनाही कळतं.

एक शेवटचा समज उरतो, की सगळ्यांना विचारत बसलं तर कामं होत नाहीत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव निर्णय सर्वसहमतीने घेतं. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. तिथल्या अभ्यास गटात विषयाची आधी फोड होते, कायदा वाचला जातो, बाहेरचा जाणकार बोलावला जातो. पण निर्णय अभ्यास गट घेत नाही, तो ग्रामसभाच घेते. या पद्धतीने वेळ जातो, हे खरं. पण २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचे परवाने वन विभाग देईना, तेव्हा गाव मागे हटलं नाही. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तेव्हापासून बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा, आलेल्या पैशाचं काय करायचं, हे तिथे सभेत ठरतं. त्या सभेसाठी सह्या गोळा करत घरोघर फिरावं लागत नाही. जिथे घरकुलाची यादी आधीच ठरून येते, तिथल्या सभेला कोणी का यावं, हा प्रश्न गावकऱ्यांना न विचारता यादी ठरवणाऱ्यांना विचारायला हवा.