बंद पडलेल्या राउटरची कैफियत: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेल्या पावसाळ्यातील एका सायंकाळी आमच्या शेजारचे निवृत्त मामलेदार वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन दारात उभे राहिले आणि बेवारस प्रेताची वर्दी द्यावी तशा स्वरात, "अहो, हा गेला," एवढेच म्हणाले. गुंडाळी सोडली तेव्हा आतून त्यांच्या घरचा वायफाय राउटर निघाला. त्याला नवे फर्मवेअर देत असता पडद्यावरची पट्टी तीन मिनिटे हलेना म्हणून त्यांनी वायर ओढली होती. पुन्हा वीज दिल्यावर एकच दिवा स्थिर जळत राहिला आणि बाकीचे उजळेनात. त्यानंतरचा अर्धा तास त्यांनी टाचणीने रिसेटचे बटण दाबण्यात घालवला होता. त्यांची कैफियत ऐकताना माझ्या ध्यानात आले की, या विषयासंबंधी रूढ असलेले बहुतेक सगळे गैरसमज या एकाच प्रकरणात हजर आहेत; आणि राउटर मेलेला नसून, त्याला मारण्याची तजवीज मात्र उपचाराच्या नावाखाली सुरू झाली आहे.

गैरसमज १: राउटरची 'वीट' झाली, म्हणजे तो संपला

अशा निपचित पडलेल्या यंत्राला तंत्रज्ञ मंडळी 'वीट' म्हणतात, आणि शब्दच असा कठोर की ऐकणाऱ्याची आशा तिथेच सुटते. वस्तुस्थिती निराळी आहे. राउटरच्या पोटात फ्लॅश जातीची एक मेमरी असते, जुन्या स्वस्त यंत्रांत अवघी ४ एमबी, नंतरच्यांत ८, १६ किंवा त्याहून पुष्कळ अधिक. आणि ती एखाद्या जुन्या वाड्यासारखी वेगवेगळ्या चौकांत विभागलेली असते. दरवाजालगतच्या देवडीत बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम बसतो, जो बहुधा 'यू-बूट' असतो आणि ब्रॉडकॉमची चिप असलेल्या अनेक राउटरांत 'सीएफई' असतो. मधल्या प्रशस्त चौकात फर्मवेअर, म्हणजे बहुतेक वेळा लिनक्सचा गाभा आणि त्यावर चालणारा सगळा कारभार. एका खोलीत आपण दिलेले पासवर्ड व सेटिंग. आणि कोठीच्या खोलीत कारखान्यात त्या विशिष्ट नगाच्या रेडिओची मोजमापे घेऊन नोंदवलेले आकडे.

वीज येताच सर्वांआधी जागा होतो तो देवडीवरचा बूटलोडर. तो फर्मवेअर जागेवर आणि अखंड आहे याची खातरजमा करतो आणि मगच कारभार त्याच्या हवाली करतो. नेहमीचे अपडेट बहुधा केवळ मधला चौक पाडून पुन्हा बांधते, देवडीला हात लावत नाही. त्यामुळे बांधकाम अर्धवट राहिले तरी पहारेकरी जिवंत असतो आणि कारभार सोपवायला कोणी नाही म्हणून देवडीवर बसून राहतो. बाहेरून आपल्याला दिसतो तो एकटा जळणारा दिवा.

पहारेकरी जागा आहे की नाही हे कित्येकदा त्याच्या आवाजावरूनही कळते. २००२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या आणि पुढे हौशी मंडळींचा लाडका ठरलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरला, वीज देताच पहिल्या काही क्षणांत संगणकावरून 'पिंग' केले, तर उत्तरात टीटीएलचा आकडा १०० येतो. तोच आकडा नंतर ६४ झाला तर समजावे की आता बूटलोडर नव्हे, लिनक्स बोलत आहे. फक्त १०० उमटून पुढे शांतता पसरली, तर देवडी शाबूत असून वाडा रिकामा आहे, एवढा निष्कर्ष त्या दोन ओळींतून निघतो.

गैरसमज २: रिसेट दाबून धरले की जुने फर्मवेअर परत येते

रिसेटचे बटण पुसते ते फक्त सेटिंग. राउटर चालू असता ते दाबले की आपले पासवर्ड जातात आणि कारखान्यातील मूळ व्यवस्था येते. परंतु मधल्या चौकातील फर्मवेअर जसे असेल तसेच राहते, आणि जेथे फर्मवेअरच अपुरे आहे तेथे बटणाचा हुकूम ऐकायला कोणी नसते. तीस सेकंद दाबा, दाबलेलेच ठेवून तीस सेकंद वीज काढा, तसेच ठेवून वीज देऊन आणखी तीस सेकंद थांबा, हा जो 'तीस-तीस-तीस'चा मंत्र सर्वत्र सांगितला जातो तो एका विशिष्ट पिढीच्या राउटरांसाठी होता. तो सरसकट सर्वांना लागू करणे म्हणजे एकाच काढ्याने सगळे ज्वर उतरवू पाहणे होय.

मात्र हेच बटण वीज देण्याच्या क्षणी दाबलेले असले, तर अनेक राउटरांत त्याचा अर्थ पालटतो: तो फर्मवेअरला दिलेला हुकूम राहत नाही, बूटलोडरला दिलेली हाक होते. मामलेदारांनी अर्धा तास योग्य बटण दाबले, पण अयोग्य वेळी. काही राउटरांत तर बटणाचीही गरज पडत नाही. २०१४ साली आलेल्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी१९००एसीमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती असतात आणि सलग तीनदा सुरुवात फसली की यंत्र आपण होऊन दुसऱ्या प्रतीकडे वळते.

गैरसमज ३: पट्टी हलत नाही, म्हणजे यंत्र अडकले

फ्लॅश मेमरीवर पाटीसारखे लिहिले जाते: आधी पुसायचे, मग लिहायचे. पुसण्याचा एक घास साधारणतः ६४ केबीचा असतो. पुसल्यावर त्यातला प्रत्येक बिट १ होतो आणि लिहिताना हव्या त्या जागी त्याचा ० करता येतो, उलट मात्र करता येत नाही. या संथ कामाला काही मिनिटे लागणे स्वाभाविकच आहे; आणि पुसणे व लिहिणे यांच्या मधल्या त्या अवधीत जुने गेलेले असते व नवे आलेले नसते, म्हणून त्या वेळी वीज जाणे घातक ठरते.

पडद्यावरची पट्टी मात्र याची साक्ष देईलच असे नाही, कारण अनेक राउटरांत ती केवळ घड्याळाच्या अंदाजाने सरकवलेली असते. आत काय चालले आहे हे तिला ठाऊक नसते. तेव्हा पट्टी थांबली तरी निदान दहा-पंधरा मिनिटे वायरीला हात लावू नये. महावितरणने वीज तोडली तर आपला इलाज नाही. पण स्वतःच्या हाताने तोडलेली वीज दैवाच्या खाती जमा करता येत नाही.

गैरसमज ४: नाव तेच, म्हणजे फाइल तीच

राउटरचे नाव आणि राउटर या दोन भिन्न गोष्टी आहेत. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा भारतात घरोघर दिसलेला राउटर एकाच नावाखाली चौदाव्या हार्डवेअर आवृत्तीपर्यंत पोहोचला. बाराव्यापर्यंतच्या आवृत्त्या बहुतेक अथेरॉस-क्वालकॉम घराण्याच्या चिपवर चालत, तर तेराव्या व चौदाव्या आवृत्तीत मीडियाटेकची चिप आली. एकीची फाइल दुसरीला देणे म्हणजे एका गावचा सातबारा दुसऱ्या गावच्या चावडीत दाखल करणे. खरी आवृत्ती खोक्यावर वा जाहिरातीत न शोधता राउटर उलटा करून तळाच्या लेबलावर वाचावी, आणि फाइल उतरवल्यावर कंपनीने तिचा चेकसम दिला असल्यास तो ताडून पाहावा, कारण उतरवताना अर्धवट राहिलेली फाइल दिसायला पूर्ण फाइलसारखीच असते.

याहून सूक्ष्म सापळा असा, की टीपी-लिंकच्या काही जुन्या फाइलींच्या नावात 'बूट' हा शब्द असतो आणि त्यांच्या आरंभी बूटलोडरही जोडलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीसारखे दुसरे फर्मवेअर बसवलेल्या यंत्रावर मूळ फर्मवेअर परत आणताना अशी फाइल जशीच्या तशी लिहिली, तर बूटलोडर फर्मवेअरच्या जागी जाऊन बसतो आणि पुढचे सगळे सरकते. म्हणून तिच्या आरंभीचे ५१२ बाइटांचे २५७ तुकडे, म्हणजे १,३१,५८४ बाइट, कापून मगच ती वापरायची असते.

गैरसमज ५: वायफायच नाही, तर दुरुस्ती करणार कशी?

बूटलोडरला वायफाय येत नाही, आणि इंटरनेटची त्याला गरजही नसते. त्याला लागते ती एक नेटवर्क केबल आणि पलीकडे एक संगणक. योग्य फाइल मात्र आधीच, मोबाइलच्या जोडणीवरून का होईना, उतरवून घ्यावी. पत्ते वाटून देणारे फर्मवेअर झोपलेले असल्याने संगणकाला आपला आयपी पत्ता हाताने द्यावा लागतो, आणि आलेल्या हाकेला फायरवॉल आड येऊ नये म्हणून ती तेवढ्यापुरती बंद ठेवावी लागते.

पुढची रीत प्रत्येक घराण्याची वेगळी. डी-लिंकच्या अनेक राउटरांत बटण दाबून वीज दिली की १९२.१६८.०.१ या पत्त्यावर एक साधे पान उघडते आणि त्यात फाइल द्यायची असते. एसूसमध्ये पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकू लागला की कंपनीचाच फर्मवेअर रिस्टोरेशन हा प्रोग्रॅम चालवावा. बाकी पुष्कळ ठिकाणी भार वाहते ती टीएफटीपी ही जुनी पद्धत, जिचे वर्णन कॅरन सॉलिन्स यांनी १९८१ मध्ये लिहिले आणि १९९२ मध्ये सुधारून दिले. तीत पासवर्ड नाही, यादी नाही, फक्त 'दे' आणि 'घे'. येथे लोक चुकतात ते दिशेत. जुन्या लिंक्सिस व नेटगिअरमध्ये राउटर घेणारा असतो आणि संगणकाने फाइल त्याच्याकडे रवाना करायची. तर टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत राउटरच मागणारा असतो, आणि तो १९२.१६८.०.६६ या ठरावीक पत्त्यावर ठरावीक नावाची फाइल मागतो. संगणकाला तो पत्ता नसेल किंवा फाइलीच्या नावात एक अक्षर चुकले असेल, तर अर्ज बिनजबाब परत जातो.

मामलेदारांचा राउटरही असाच मागणारा निघाला. संगणकावर टीएफटीपी सर्व्हर मांडून, त्यांच्या हाती टाचणी देऊन, "आता दाबा, आणि मी सांगेपर्यंत सोडू नका," असे म्हणून मी वीज दिली. पण पहिले दोन्ही प्रयत्न फसले, कारण राउटरने हाक मारली तेव्हा संगणकाचे नेटवर्क कार्ड अद्याप जागे होत होते. मध्ये एक साधा नेटवर्क स्विच जोडला, म्हणजे संगणकाकडची जोडणी सदैव जिवंत राहील, आणि तिसऱ्या खेपेस नोंदीच्या खिडकीत एक ओळ उमटली: कोणीतरी फाइल मागत होते. "बोलला!" मामलेदार उद्गारले. मूळ नियमानुसार टीएफटीपी ५१२ बाइटांचा एकेक लिफाफा पाठवून प्रत्येकाची पोच घेते. ४ एमबीच्या जुन्या राउटराची ३९,३२,१६० बाइटांची फाइल असेल तर असे ७,६८० लिफाफे जातात, आणि भागाकार निःशेष होत असल्यामुळे, मजकूर संपला हे कळवण्यासाठी शेवटी एक रिकामा लिफाफाही धाडावा लागतो. फाइल गेल्यावर मामलेदारांचा हात वायरीकडे वळू लागला तो मात्र मला धरावा लागला, कारण पोचलेली फाइल अद्याप लिहिली जायची होती.

गैरसमज ६: एवढ्याने जमले नाही, तर खोके उघडून चारही तारा जोडाव्यात

बूटलोडर जागा असूनही नेटवर्कवर बोलत नसेल, तर आतल्या सर्किट बोर्डवर सिरियल जोडणीसाठी सहसा चार ठिपके असतात, आणि तेथून त्याचे बोलणे, बहुधा १,१५,२०० च्या वेगाने, अक्षरशः वाचता येते. परंतु जोडायच्या असतात त्या तीनच तारा, जमीन, पाठवणे आणि घेणे. विजेची चौथी तार मोकळी सोडायची, कारण राउटर स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो. तसेच येथील व्यवहार बहुतेक ३.३ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टचा सिरियल अडॅप्टर लावला तर शाबूत चिपही जळू शकते. बूटलोडरच पुसला गेला असेल तर मेमरीची चिप बाहेरून लिहावी लागते. तेव्हाही आधी तिची संपूर्ण नक्कल काढावी, कारण कोठीच्या खोलीतले ते रेडिओचे आकडे त्या एकाच नगाचे असतात आणि दुसऱ्या राउटराचे उसने आणून भागत नाही.

इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या यंत्रावर मात्र यांपैकी काहीही करू नये. त्याचे फर्मवेअर आणि सेटिंग बहुधा कंपनी दुरूनच सांभाळते, तेव्हा तक्रार नोंदवणे हाच तेथला राजमार्ग.

गैरसमज ७: तर मग अपडेट न केलेलेच बरे

मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टालोस विभागाने 'व्हीपीएनफिल्टर' या घातक प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तो निदान ५४ देशांत, किमान ५ लाख यंत्रांत शिरलेला होता, आणि त्यांत बव्हंशी घरे व लहान कचेऱ्यांतले राउटर होते. त्याला यंत्र निकामी करण्याचा हुकूम मिळाला की तो मेमरीच्या पहिल्या विभागातील पहिल्या ५,००० बाइटांवर शून्ये लिही, आणि राउटरांत त्या जागी सहसा बूटलोडर असतो. आपण घाबरतो ते मधला चौक पडला म्हणून. वैऱ्याला मात्र नेमके ठाऊक होते की मारायचे ते देवडीवरच्या माणसाला. जुने फर्मवेअर ठेवणे म्हणजे अशाच पाहुण्यांसाठी दरवाजा उघडा टाकणे होय.

काही मिनिटांनी मामलेदारांच्या राउटराचे दिवे एकामागून एक उजळले. ते काही बोलले नाहीत. खिशातून पेन काढून, राउटर उलटा करून, तळाच्या लेबलावरचा मॉडेल, आवृत्ती आणि प्रदेशाचा तपशील त्यांनी एका कागदावर उतरवला, खाली तारीख घातली आणि तो कागद राउटराच्या पाठीवर चिकटवला. मग जाता जाता मला म्हणाले, "पंचनाम्याआधी मृत्यूचा दाखला लिहिला होता हो मी. चाळीस वर्षांच्या नोकरीत केली नव्हती अशी चूक."