जुन्या लॅपटॉपमधील न दिसणारे सिरियल पोर्ट व अबोल मोडेम

शाळेच्या कपाटातील जुना लॅपटॉप एखाद्या निमित्ताने बाहेर काढला जातो, तेव्हा पुष्कळदा एकच प्रकार घडतो. हा लॅपटॉप गावातील कोणा नोकरदाराने शाळेस भेट दिलेला असतो, किंवा एखाद्या कार्यालयातून तो निरुपयोगी म्हणून आलेला असतो. पडदा उजळतो, लेखन होते, मुलांना आकृत्या दाखविता येतात. परंतु विज्ञानाचे एखादे उपकरण किंवा बाहेरचा मोडेम जोडू गेल्यास 'पोर्ट सापडत नाही' असा संदेश येतो. मग जवळपासचा कोणी जाणकार सांगतो की सर्व पुसून विंडोज पुन्हा भरावी. सल्ला मानला जातो. निकालपत्रके, हजेरीचे गोषवारे, जनरल रजिस्टरवरून श्रमाने उतरविलेल्या नोंदी पुसल्या जातात, आणि नव्या विंडोजमध्येही पोर्ट दिसत नाही. कारण दोष विंडोजमध्ये नव्हताच. तो दुसरीकडे, बहुधा बायोसमधील एका ओळीत होता. म्हणून या प्रकरणी पहिला नियम असा की, कोणत्याही दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी शाळेच्या सर्व फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात, आणि विंडोज पुन्हा भरण्याचा उपाय अगदी शेवटी ठेवावा.

सिरियल पोर्ट म्हणजे काय, हे एकदा नीट ध्यानात आले की पुढील शोध सोपा होतो. अरुंद साकवावरून मुले एकामागून एक जातात, त्याप्रमाणे या पोर्टातून माहितीचे अंश एकेक करून बाहेर पडतात. अक्षराचे आठ अंश, त्यांच्यापुढे आरंभाची एक खूण व मागे अखेरची एक खूण, असे दहा अंश मिळून एक अक्षर जाते. तेव्हा सेकंदास ९,६०० अंश हा वेग ठेवल्यास सेकंदास ९६० अक्षरे जातात. या जोडणीचे आरएस-२३२ नावाचे मानक अमेरिकेत १९६० मध्ये ठरले. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्यातही हीच जोडणी घेतली गेली आणि पुढे पंचवीस पिनांच्या खाचेऐवजी नऊ पिनांची, इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची खाच रूढ झाली.

या पोर्टांना संगणक 'कॉम १', 'कॉम २' अशा नावांनी ओळखतो. प्रत्येक नावामागे दोन गोष्टी असतात: एक पत्ता व एक घंटा. कॉम १ चा पत्ता ३एफ८ व घंटेची रेषा चौथी. कॉम २ चा पत्ता २एफ८ व रेषा तिसरी. कॉम ३ व कॉम ४ यांचे पत्ते निराळे असले, तरी घंटा मात्र अनुक्रमे चौथी व तिसरीच. दोन वर्गांना एकच घंटा असली आणि दोघांनी एकाच वेळी तिच्यावर अवलंबून राहावयाचे ठरविले, तर जो गोंधळ होईल तोच येथेही होतो. कॉम १ वर माऊस आणि कॉम ३ वर मोडेम असता जुन्या यंत्रांत मोडेम जोडला जाताच माऊस गोठत असे, त्याचे कारण हेच होते.

लॅपटॉपमध्ये हा प्रश्न अधिक बिकट झाला. लहानशा पेटीत बाहेरचे सिरियल पोर्ट, आतला मोडेम व अवरक्त किरणांचे पोर्ट, अशी तिघांची दाटी होई आणि तिघांनाही कॉमचाच पत्ता हवा असे. म्हणून काही कंपन्या कारखान्यातून यंत्र पाठवितानाच त्यांपैकी एखादे बंद करून ठेवीत. पोर्टाची खाच मागील बाजूस डोळ्यांना दिसते, पण विंडोजच्या यादीत ती नाही, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. उलट प्रकारही आढळतो. यादीत कॉम १ आहे, परंतु लॅपटॉपभोवती कितीही शोधले तरी खाच सापडत नाही. काही यंत्रांत ती लॅपटॉपला नसून ज्या बैठकीवर लॅपटॉप बसवावयाचा त्या बैठकीला असे. बैठक देणगीदाराच्या घरी राहिली, लॅपटॉप शाळेत आला, आणि पोर्ट दोहोंच्या मध्ये हरवले!

शोध खालून वर करावा: प्रथम खाच, मग बायोस, मग विंडोज, आणि शेवटी उपकरणाचा प्रोग्राम. हा क्रम मोडल्यानेच बहुतेक वेळ वाया जातो.

खाच असल्याची खात्री झाल्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे व आरंभीच बायोसची कळ दाबावी. थिंकपॅडमध्ये ती सामान्यतः एफ१ व डेलच्या यंत्रांत एफ२ असते. अन्यत्र पडद्यावर क्षणभर येणारी सूचना वाचावी. आतील यादीत 'सिरियल पोर्ट' ही ओळ शोधून तिच्यापुढे 'डिसेबल्ड' असल्यास 'एनेबल्ड' करावे. अवरक्त पोर्टाचा उपयोग नसल्यास ते बंद करावे, म्हणजे त्याने अडविलेला पत्ता मोकळा होईल. बदल जतन करूनच बाहेर पडावे. थिंकपॅड ६०० सारख्या काही जुन्या यंत्रांत ही व्यवस्था बायोसच्या पडद्यावर न ठेवता कंपनीने दिलेल्या स्वतंत्र प्रोग्राममध्ये ठेवलेली असे. तेथे बायोस कितीही चाळले तरी ओळ सापडावयाची नाही.

येथे एक लक्षण विशेष पाहावे. बायोसमध्ये पोर्ट चालू केले, त्या दिवशी ते चालले, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा नाहीसे झाले, तर संगणकाची तारीख पाहावी. ती अनेक वर्षे मागे गेलेली आढळल्यास आतील लहान घड्याळ-सेल संपला आहे असे समजावे. हा सेल बायोसची स्मरणशक्ती होय. तो संपला की यंत्र सर्व बदल विसरते व कारखान्यातील मूळ व्यवस्थेवर परत जाते. असा सेल थोड्या पैशांत मिळतो, आणि तेवढ्यासाठी यंत्र निर्लेखित करणे हा शाळेच्या मालमत्तेचा अपव्यय आहे.

त्यानंतर विंडोजकडे वळावे. एक्सपीमध्ये 'माय कॉम्प्युटर'वर माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', 'हार्डवेअर' व 'डिव्हाइस मॅनेजर' असे जावे. यादीत 'पोर्टस' हे शीर्षकच नसेल तर पुन्हा बायोसकडे जावे. शीर्षक असून पोर्टावर तांबडी फुली असेल, तर ते विंडोजमध्ये बंद केलेले आहे. उजवी कळ दाबून चालू करता येते. पिवळे उद्गारचिन्ह असल्यास त्यावर दोनदा टिचकी देऊन संकेतांक वाचावा. संकेतांक १२ म्हणजे पत्ता किंवा घंटा दुसऱ्या कोणी अडविली आहे. २८ म्हणजे ड्रायव्हर भरलेला नाही. १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकत नाही. हा आकडा वहीत टिपून ठेवावा. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्याला 'चालत नाही' असे सांगण्यापेक्षा 'संकेतांक १२ येतो' असे सांगितल्यास अर्धे काम होते.

पोर्ट यादीत आले, तरी ते खरोखर बोलते काय, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. खाचेतील दुसरी व तिसरी पिन एका साध्या तारेने जोडावी. एकीतून माहिती बाहेर जाते व दुसरीतून आत येते. दोन्ही जोडल्या म्हणजे पोर्ट स्वतःचेच बोलणे ऐकते. एक्सपीमध्ये असलेला हायपरटर्मिनल हा प्रोग्राम उघडून ते पोर्ट निवडावे, प्रवाह-नियंत्रण 'नन' ठेवावे व काही अक्षरे टंकावीत. ती पडद्यावर उमटली तर पोर्ट निर्दोष आहे आणि दोष केबलमध्ये किंवा उपकरणात शोधावयाचा आहे. तार काढल्यावर अक्षरे उमटणे थांबले पाहिजे. न थांबल्यास परीक्षा फसवी ठरली असे समजावे. व्हिस्टापासून पुढील विंडोजमध्ये हायपरटर्मिनल मिळत नाही, तेथे पुटी हा मोफत प्रोग्राम वापरता येतो. ही परीक्षा सातवी-आठवीच्या मुलांसमोर करून दाखविण्याजोगी आहे.

ज्या लॅपटॉपला मुळातच अशी खाच नाही, त्यास यूएसबीतून सिरियल पोर्ट देणारी केबल लावता येते. तिच्या दोन खोड्या माहीत असाव्यात. प्रत्येक वेळी निराळ्या यूएसबी खाचेत लावल्यास विंडोज तिला नवा क्रमांक देत जाते. असे होता होता ती कॉम १२ वर जाऊन बसते आणि कॉम ४ पलीकडे न पाहणाऱ्या जुन्या प्रोग्रामला ती दिसत नाही. म्हणून एकच खाच ठरवून तेथे खूण करावी, किंवा पोर्टाच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर जाऊन क्रमांक खाली आणावा. दुसरी खोडी ड्रायव्हरची. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपा असलेल्या केबली नवीन विंडोजमध्ये संकेतांक १० दाखवितात, पण एक्सपीमध्ये मुकाट्याने चालतात. इटलीमध्ये २००५ मध्ये निघालेले आर्डुइनोचे फलक हेही संगणकास सिरियल पोर्ट म्हणूनच दिसतात. नीती आयोगाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत असे फलक वापरले जातात. तेव्हा हा विषय जुना झाला असे मानण्याचे कारण नाही.

आता मोडेमविषयी. मोडेम दोन जातींचे असतात, आणि ही जात न ओळखल्याने मोठी फसगत होते. पहिल्या जातीत सर्व काम मोडेमच करतो. त्यास पोर्ट मिळाले की तो कोणत्याही प्रणालीवर चालतो. दुसऱ्या जातीत मोडेमचे बहुतेक काम संगणकावर टाकलेले असते. ड्रायव्हर नसेल तर असा मोडेम म्हणजे नुसता सांगाडा. लॅपटॉपमधील आतले मोडेम बहुधा या दुसऱ्या जातीचे. जुन्या यंत्रावर लिनक्स भरल्यानंतर मोडेम नाहीसा होतो, त्याचे कारण हेच. थिंकपॅड ६०० मध्ये एमवेव्ह नावाची चिप मोडेमचे काम करी. तिच्यात प्रत्येक वेळी प्रोग्राम भरावा लागे आणि तिच्यासाठी मोकळा कॉम पत्ता राखून ठेवावा लागे. तो न मिळाल्यास मोडेम जागा होत नसे.

मोडेम जिवंत आहे की नाही, हे विचारण्याची भाषा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली आहे. हायपरटर्मिनलमधून मोडेमच्या पोर्टावर रोमन लिपीतील 'ए' व 'टी' ही दोन अक्षरे टंकून एंटर दाबावे. 'ओके' असे उत्तर आले तर मोडेम, ड्रायव्हर व पोर्ट तिन्ही ठीक आहेत, आणि दोष दूरध्वनीच्या तारेत किंवा पलीकडे आहे. उत्तर न आल्यास तारेकडे पाहण्याचे प्रयोजनच नाही.

जोडणी करताना विंडोज जे आकडे दाखविते तेही बोलके असतात. ६८० म्हणजे तारेत सूर नाही; ६७६ म्हणजे पलीकडची तार गुंतलेली आहे; ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही; ६९१ म्हणजे नाव किंवा संकेतशब्द चुकला; ६३३ म्हणजे पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात आहे. ६८० आल्यास साधा दूरध्वनी त्याच तारेला लावून कानाने सूर ऐकावा. सूर ऐकू येतो, पण मोडेमला कळत नाही, असे झाल्यास 'सूर येण्याची वाट न पाहता आकडे फिरव' अशी सूचना मोडेमच्या गुणधर्मांत देता येते.

वळिवाच्या दिवसांत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. विजेचा प्लग काढला म्हणजे लॅपटॉप सुरक्षित झाला असा समज असतो. परंतु गावाबाहेरून खांबाखांबांवरून आलेली दूरध्वनीची तार मोडेमला लावलेलीच राहते. तिच्यातून आलेला विजेचा लोट मोडेमबरोबर मुख्य फलकही जाळू शकतो. ढग जमू लागताच ती तारही काढून ठेवावी.

दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट घेण्याची पद्धत आता मागे पडली आहे, आणि तिची जागा यूएसबीत लावण्याच्या डोंगलने घेतली. परंतु डोंगल हाही मोडेमच असून तो कॉम पोर्ट म्हणूनच यादीत येतो व 'एटी'ला 'ओके' असेच उत्तर देतो. अनेक डोंगल प्रथम स्वतःस सीडीची ड्राइव्ह म्हणून सादर करतात. त्या ड्राइव्हमधील प्रोग्राम भरला गेला म्हणजे रूप पालटून मोडेम होतात. रूप पालटले नाही तर पडद्यावर सीडी दिसते आणि पोर्ट दिसत नाही. लिनक्सवर हे काम यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम करतो. डोंगल विकत घेण्यापूर्वी अथवा भेट म्हणून स्वीकारण्यापूर्वी तो कोणत्या पिढीचा आहे हे पाहावे. केवळ ३जी चालणाऱ्या डोंगलमध्ये जिओचे सिम घातल्यास इंटरनेट मिळणार नाही, कारण २०१६ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेत ३जी कधी नव्हतेच. एअरटेलनेही आपली ३जी सेवा २०२० मध्ये बंद केली.

शिवाय एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून थांबली आहे आणि तिच्यातील जुन्या ब्राउझरमध्ये आजची बहुतेक सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. तेव्हा मोडेम दुरुस्त झाला म्हणून विद्यार्थ्यांची माहिती त्या यंत्रावरून पाठवू नये. असा लॅपटॉप प्रयोगाच्या टेबलावर, तापमापकाची किंवा फलकाची नोंद घेण्यासाठी, इंटरनेटपासून अलग ठेवावा, आणि बायोसमध्ये कोणती ओळ बदलली ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावी.