मंगळाचं चित्र काढताना

दुर्बिणीतून पहिल्यांदा मंगळ पाहणारे बहुतेक जण अर्ध्या मिनिटात बाजूला होतात. थरथरणारी केशरी चकती, एवढंच त्यांना दिसतं. मंगळ खरोखर पाहायचा असेल तर त्याचं चित्र काढायला बसावं, असं माझं ठाम मत आहे. पेन्सिल हातात आली की नजर रेंगाळायला शिकते.

२०२० च्या ऑक्टोबरमधली प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मधे येण्याची वेळ, त्यासाठी फार चांगली होती. मंगळ सुमारे ६ कोटी २० लाख किलोमीटरवर आला होता आणि महाराष्ट्रातून मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर दिसायचा. आठ इंची आरशाची दुर्बीण आधीच गच्चीवर नेऊन ठेवायची. आरसा गार झाला नसेल तर ग्रह उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलत राहतो. २०० पट वर्धनाला ती चकती साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या दुपटीहून मोठी होते. तरीही ती लहानच वाटते.

कागदावर ५० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखून ठेवलेलं असतं. त्यात पहिली खूण ध्रुवाची. या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, त्यामुळे दक्षिण ध्रुवाचा पांढरा ठिपका वरच्या कडेला येतो. मंगळाचा अक्ष सुमारे २५ अंश कललेला आहे, म्हणून तिथेही ऋतू आहेत. तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा होता. हिवाळ्यात साचलेला कार्बन डायऑक्साइडचा बर्फ वितळत नाही, थेट वायू होऊन उडून जातो. उरते ती छोटीशी टोपी.

मग काळसर डाग. सिर्टिस मेजर हा त्रिकोणी डाग मला सगळ्यांत प्रिय. खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने तो १६५९ मध्ये रेखाटला आणि त्याच्या सरकण्यावरून मंगळाचा दिवस साधारण २४ तासांचा असल्याचं ओळखलं. एके काळी असे डाग समुद्र समजले जात, पुढे वनस्पती. प्रत्यक्षात हा जुन्या, बसक्या ज्वालामुखीचा बसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्या जातीचा. भोवतीचा केशरी रंग गंजलेल्या लोहाच्या धुळीचा. लाल फिल्टर लावला की दोन्हींतला फरक उठून दिसतो.

हात मात्र भरभर चालवावा लागतो. ग्रह तासाला जवळपास १५ अंश फिरतो, तेव्हा डागांच्या कडा पाव तासात उतरल्याच पाहिजेत. छटा नंतर भरता येतात. वेळेची नोंद तर हवीच. मंगळाचं परिवलन आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी लांब, म्हणून रोज त्याच वेळी पाहिलं तर तोच डाग दररोज थोडा मागे पडलेला सापडतो. पाच-सहा आठवडे वही भरत गेली की संपूर्ण ग्रह आपल्यासमोरून फिरून जातो. पुस्तकातला आकडा असा हाताखालून गेला की तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

कधी कधी काहीच दिसत नाही. तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ, तरी ती धूळ उडवून अख्खा ग्रह झाकू शकते. २०१८ च्या प्रतियुतीला तसंच झालं. अशा रात्रीही वर्तुळ कोरं सोडू नये. जी फिकट छटा दिसेल ती भरावी, कारण ती धुळीचीच नोंद असते.

पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. चकती २०२० पेक्षा बरीच लहान असेल, पण या वेळी उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असेल.