तुमच्या टॉमीचे हृदय ठणठणीत आहे ना?

दहा-अकरा वर्षांचा पॉमेरेनियन रात्री उठून खोकतो. घशात काही अडकल्यासारखा खाकरतो, पण बाहेर काहीच पडत नाही. जिना चढताना मध्येच बसकण मारतो. घरातली मंडळी म्हणतात, "म्हातारा झाला आता." कुणी हळदीचे दूध पाजते, कुणी मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा चमचाभर घोट त्याच्या तोंडात ओतते. मग एका रात्री त्याला धड श्वासच घेता येईनासा होतो. धावतपळत दवाखाना गाठल्यावर कळते, की दुखणे घशाचे नव्हते, हृदयाचे होते आणि ते काही वर्षे आत मुरत होते.

कुत्र्या-मांजरांनाही हृदयविकार होतो हे ऐकून अजूनही पुष्कळांना नवल वाटते. रक्तवाहिन्यांत चरबी साचून माणसाला येतो तसा झटका या प्राण्यांना क्वचितच येतो. त्यांची दुखणी वेगळी. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा हृदयाची झडप बिघडते, तर मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू.

पॉमेरेनियन, डॅशहुंड, पूडल, कॅव्हेलियर यांसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड आणि वेडीवाकडी होते. ती नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त पुढे जाण्याऐवजी मागे वरच्या कप्प्यात शिरते. तो कप्पा हळूहळू फुगतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साठू लागते. ही वाटचाल वर्षानुवर्षे चालते आणि तेवढा काळ कुत्रा मजेत खात-पीत, शेपूट हलवत असतो. खोकणारा प्रत्येक पॉमेरेनियन मात्र हृदयरोगी नसतो. याच जातीत श्वासनलिका चपटी होण्याचा विकारही पुष्कळ आढळतो आणि दोन्ही खोकले घरच्यांच्या कानाला सारखेच वाटतात. म्हणूनच अंदाजाने औषध पाजणे धोक्याचे.

डॉबरमन आणि ग्रेट डेन यांची कथा निराळी. त्यांच्या हृदयाचा स्नायूच सैल पडतो, ठोक्यांची लय बिघडते. धिप्पाड, चपळ दिसणारा डॉबरमन फिरायला गेला असताना अचानक कोसळतो आणि तेच त्याच्या आजाराचे पहिले लक्षण ठरते. या जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांनी तो तीन वर्षांचा झाल्यापासून दरवर्षी त्याचे हृदय तपासून घ्यावे. त्यासाठी साधा इसीजी पुरत नाही, कारण त्या दोन मिनिटांत चुकलेला ठोका सापडेलच असे नाही. चोवीस तास अंगावर बांधून ठेवायचे होल्टर नावाचे यंत्र असते, त्याचा उपयोग होतो.

मणक्यांच्या मापाने हृदय

तपासणीची सुरुवात स्टेथोस्कोपनेच होते. झडप गळत असेल तर ठोक्यांबरोबर एक फुसफुस ऐकू येते, तिला मर्मर म्हणतात. तिच्या जोरानुसार एक ते सहा अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. मर्मर आहे म्हटल्याबरोबर घरात रडारड सुरू होते, ती अनाठायी असते. मर्मर असलेली कितीतरी कुत्री औषधाविना वर्षे काढतात. आणखी एक गोष्ट. कुत्र्याच्या छातीवर हात ठेवल्यास ठोके श्वासाबरोबर कधी जलद, कधी सावकाश पडताना जाणवतात. निरोगी कुत्र्यात हे अगदी स्वाभाविक आहे.

खरा प्रश्न असतो हृदय वाढले आहे का, हा. पण मुठीएवढा चिवावा आणि वासराएवढा ग्रेट डेन यांची हृदये एका फूटपट्टीने कशी मोजणार? १९९५ साली यावर एक साधी युक्ती पुढे आली. एक्स-रेमध्ये हृदयाची लांबी आणि रुंदी त्याच कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांशी ताडून पाहायची. बेरीज साडेदहा मणक्यांच्या आत असली तर सर्वसाधारणपणे काळजी नाही. काही जातींत हे माप मुळातच थोडे जास्त असते, ते डॉक्टर जाणतात. याहून नेमके चित्र इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसते. त्यात झडप, कप्पे, स्नायूची जाडी सारे पडद्यावर उमटते. भूल द्यावी लागत नाही, फक्त छातीवरचे थोडे केस कापावे लागतात.

इसीजीच्या इतिहासात तर एका कुत्र्याला मानाचे स्थान आहे. लंडनचे शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग १९०९ साली रॉयल सोसायटीच्या मेळाव्यात मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून शांतपणे उभा राहिला आणि त्याच्या हृदयाचा विद्युत आलेख लोकांनी पाहिला. मुक्या प्राण्याचा छळ झाला की काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला! जिमीला अर्थातच काही इजा झाली नव्हती.

एवढ्या तपासण्यांचा खर्च कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मिळते. झडप गळते आहे, हृदय वाढले आहे, पण त्रास अजून सुरू झालेला नाही, अशा ३६० कुत्र्यांवर तो झाला. पिमोबेंडान हे औषध दिलेल्या कुत्र्यांत हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी लांबली. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने थोडे नव्हेत. पण हृदय वाढलेलेच नसेल तर याच औषधाचा काही उपयोग असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणजे गोळी केव्हा सुरू करायची हे माप घेतल्यावाचून ठरत नाही. मुंबईतील परळ, चेन्नई अशा ठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत किंवा मोठ्या शहरांतील खाजगी दवाखान्यांत या तपासण्यांची चौकशी करता येईल.

मांजर खोकत नाही

मांजराची गोष्ट अधिक अवघड. हृदयविकार झालेले मांजर सहसा खोकत नाही. ते फक्त जास्त झोपते, कपाटावर उडी मारायचे सोडते, कोपऱ्यात जाऊन बसते. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड होतो. पर्शियन आणि मेन कूनप्रमाणेच गल्लीतून आणलेल्या साध्या मनीलाही हे होऊ शकते. कित्येकदा मर्मरही ऐकू येत नाही. मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकू लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

याहून भयंकर प्रकार म्हणजे फुगलेल्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकणे. मनी एकाएकी किंचाळते, मागचे पाय फरफटत चालते, ते पाय गार पडतात. घरच्यांना वाटते, गच्चीवरून पडली किंवा कुणी काठी मारली. मग तेल लावून शेकण्यात मोलाचे तास जातात. अशा वेळी काही न करता तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. दूधभातावर वाढलेली मनी गुटगुटीत दिसते, पण हृदयाच्या स्नायूला लागणारे टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांस आणि मासळीतून मिळते, दुधात नाममात्र असते. टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय सैल पडते आणि ते भरून काढले तर पुष्कळदा सुधारते, असे १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यांत त्याचे प्रमाण वाढवण्यात आले. घरी मासळी उकडून घालत असाल, तर उकडलेले पाणी फेकू नका. टॉरिन त्यात उतरते.

बदलीच्या नोकरीमुळे आसाम, मिझोरामकडे राहणाऱ्या कुटुंबांनी आणखी एका शत्रूची माहिती ठेवावी. ईशान्य भारतात डासांमार्फत कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जंत होतात, वीतभर किंवा त्याहूनही लांब. रक्त तपासून ते ओळखता येतात आणि महिन्यातून एकदा औषध देऊन टाळताही येतात.

झोपेतला श्वास मोजा

घरच्या घरी करण्याजोगी सर्वांत उपयोगी तपासणी फुकटची आहे. प्राणी गाढ झोपला असताना छातीकडे पाहावे. छाती वर जाऊन खाली आली, की एक श्वास. मिनिटभर मोजावे. कुत्रा असो वा मांजर, आकडा तिसाच्या आत हवा. स्वप्नात पाय झाडत असताना, खेळून आल्यावर किंवा मांजर गुरगुरत असताना मोजलेला आकडा धरू नये. ज्याला मर्मर आहे त्याचा आकडा रोज वहीत लिहावा. तो तिसाच्या वर जाऊन तिथेच राहू लागला, तर खोकला किंवा धाप यांची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. फुप्फुसांतले पाणी बरेचदा सर्वांत आधी या आकड्यात दिसते.

पाणी उतरवण्याची गोळी सुरू झाली, की कुत्रा वारंवार लघवीला जातो आणि भांडेच्या भांडे पाणी पितो. घर घाण होते म्हणून त्याचे पाणी तोडू नये. आजोबांच्या डबीत तीच गोळी असली, तरी कुत्र्याचे प्रमाण वेगळे असते. चहाबरोबर खारी बिस्किटे, पापडाचा तुकडा, फरसाण हे लाड मात्र आवरावे लागतील. गोळी कडू म्हणून थुंकत असेल, तर पोळीच्या छोट्या गोळ्यात किंवा उकडलेल्या कलेजीच्या तुकड्यात लपवून द्यावी. आधी एक रिकामा गोळा द्यावा आणि दुसरा लगेच पुढे धरावा. हावरेपणात मधली गोळी कधी गेली ते त्याला कळतही नाही.