सिझर झालेल्या बाळंतिणीला लवकर चालवा

ताई-मावशींनो, मागच्या बैठकीत एका आजींनी विचारलं, "पोट फाडलेल्या लेकराला नर्सबाई दुसऱ्या दिवशीच चालायला लावायल्यात, टाके उसवणार नाहीत का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाळंतपणात जास्त रक्त जाऊ नये म्हणून गरोदरपणातच बाईचं रक्त लवकर गोठायला लागतं. ही शरीराचीच सोय. पण बाई पडून राहिली की पायातलं रक्त संथ होतं आणि पोटरीच्या किंवा मांडीच्या शिरेत गुठळी धरू शकते. ती सुटली तर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते. दम कोंडतो, जीवही जाऊ शकतो. हा धोका बाळंतपणानंतर सहा आठवडे जास्त असतो, म्हणजे आपला सव्वा महिना! त्याच काळात आपण बाळंतिणीला बाजेवरून उठू देत नाही, पाणीही मोजून देतो.

टाके चालण्याने उसवत नाहीत. डॉक्टरांनी हो म्हटलं की धरून उठवा, खोलीतल्या खोलीत का होईना, चालवा. पडल्या-पडल्या पावलं वर-खाली हलवायला सांगा. याला मशीन लागत नाही, खर्चही नाही. पाणी तहानेप्रमाणे पिऊ द्या.

आधी कधी गुठळी झाली असेल, घरात कुणाला झाली असेल, वजन जास्त असेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, तर भरती होतानाच सांगा. गरज वाटल्यास डॉक्टर हिपॅरिनचं इंजेक्शन देतात. ते घेऊन बाळाला अंगावर पाजता येतं. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर आणि औषधं मोफत आहेत, तेव्हा विचारायला लाजू नका. माला-डी मात्र सहा आठवड्यांच्या आत आपल्या मनाने सुरू करू नका, त्याने गुठळीचा धोका वाढतो.

दोन्ही पायांवर थोडी सूज बऱ्याच जणींना येते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी कळमनुरीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. त्या पायाला तेल लावून चोळू नका (आपला पहिला उपाय तोच असतो, माहीत आहे मला!), गुठळी सुटू शकते.

अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन पडली, तर सकाळची वाट बघू नका. लगेच १०८ लावा आणि आधी एवढंच सांगा: बाळंतीण आहे, सिझर कधी झालं, आणि श्वास घेता येत नाही.